नर्सबाईंची फिक्स सायकल

एलिशेबा आपटेकरला राग येतो, हे पनवेलात कुणाला सांगावं लागत नसे. सकाळी दूधवाल्यावर, दहा वाजता सूतिकागृहातल्या आयेवर, दुपारी बाटल्यांची बुचं कुरतडली म्हणून उंदरांवर, आणि उरलेला सगळा दिवस सूतिकागृह चालवणाऱ्या मंडळावर. लोक म्हणत, नर्सबाईंच्या नाकाच्या शेंड्यावरच राग बसलेला असतो. लोकांचं काय जातं म्हणायला! तिच्या जागी दुसरी कुणी असती तर सहा महिन्यांत राजीनामा तोंडावर फेकून मुंबईला निघून गेली असती. ही राहिली आणि चिडत राहिली. तिच्या त्या रागापायी पनवेलात कितीतरी पोरं जगली, हे म्हणायला मात्र कुणी पुढे येत नसे.

ती यहुद्यांच्या इस्रायल आळीतली. वडील अब्राहम आपटेकर तारखात्यात लाइनमन होते. खांबांवर चढायचं, तुटलेली तार जोडायची आणि सायकलवर टांग टाकून पुढच्या खांबाकडे जायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. ते वारले तेव्हा एलिशेबा मुंबईत नर्सिंग शिकत होती. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी ती परत आली, जनहित सूतिकागृहात नोकरीला लागली आणि आई जेरुशाबरोबर आळीतल्या दोन खोल्यांत राहू लागली. लग्नाचं कुणी काढलं की ती इतकी भडके, की काढणाऱ्याने पुन्हा काढलं नाही.

आठवड्यातून एकच दिवस ती चिडत नसे, तो शनिवार. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत स्वयंपाक आटपायचा, दिवा लावायचा, आणि मग शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत घरात काम म्हणून करायचं नाही. शब्बाथच्या, म्हणजे देवाच्या विश्रांतीच्या दिवशी चूल पेटवायची नाही आणि तोंडही पेटवायचं नाही, असा जेरुशाबाईंचा दंडक होता. सूतिकागृहातली तिची सुट्टीही रविवारऐवजी शनिवारी असे. त्या दिवशी पांढरं पातळ नेसून ती व्हरांड्यात बसे, आणि रस्त्याने जाणारा माणूस थबकून बघे, की ही तीच बाई का.

बाकीचे सहा दिवस ती चालत असे. गावातली बाळंतपणं चालत जाऊन करायची, शेजारच्या टक्का गावातली चालत आणि खाडीकाठच्या मिठागरांवरचीही चालतच. मिठागरांच्या पलीकडे आगरी लोकांची वीस-पंचवीस घरांची एक वाडी होती. तिथे जायला खाऱ्या पाण्याच्या कडेने केलेला मातीचा बांध होता, जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील एवढा रुंद. टांगा त्यावर जात नसे. गावापासून वाडी तीन मैल. ती बॅग घेऊन तासाभराने पोचायची, तोवर म्हातारी दाई आपल्या परीने जे करायचं ते करून बसलेली असायची. कधी निभावून जाई, कधी नाही.

म्हणून १९५२ साली तिने मंडळाकडे सायकल मागितली.

मागितली म्हणजे अर्ज केला. त्या अर्जावर मंडळाने चार बैठका घेतल्या. बाईमाणसाला सायकल कशाला, इथून सुरुवात झाली. मंडळाचे अध्यक्ष भगवानशेठ, तांदळाचे व्यापारी, तसे वाईट नव्हते. पण ज्या माणसाला आयुष्यात कधी 'नाही' ऐकावं लागलेलं नाही तो चांगला असून काय उपयोग? शेवटी एलिशेबा बैठकीत घुसली आणि म्हणाली, "शेठ, तुमच्या सुनेला कळा आल्या तर मी जिना चढून वर येते. मिठागरवाल्याच्या सुनेला आल्या तर तासभर चालते. त्या तासात तिथं काय होतं ते सांगू? सगळ्यांसमोर सांगू?" शेठांनी दोन्ही हात वर केले आणि सायकल मंजूर झाली.

कुठली घ्यायची हे तिने आधीच ठरवलं होतं. बाजारपेठेच्या टोकाला जगन मिस्त्रीचं सायकलचं दुकान होतं. दुकानाच्या मागे, पंक्चर काढायच्या पाण्याच्या घमेल्याशेजारी, एक काळपट हिरवी, डबल दांडीची, अवजड सायकल भिंतीला टेकवलेली असे. लढाई संपल्यावर लष्कराचा माल लिलावात निघाला, त्यात जगनने ती घेतली होती. ती खपत नव्हती, कारण ती फिक्स होती.

आता फिक्स म्हणजे काय, हे पनवेलात त्या वेळी पोराटोरांनाही माहीत होतं आणि सगळे तिला हसत. साध्या सायकलला मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पायडल मारायचं थांबवलं तरी चाक आपलं फिरत राहतं, माणूस पाय सैल सोडून मजेत उतारावरून जातो. फिक्सला ते नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर पाय फिरणार. विसावा नाही. जगनकडे येणारे म्हणत, ही सायकल आहे की घाण्याचा बैल?

एलिशेबाने ती बाहेर काढायला लावली. चाकं फिरवून बघितली, पुढचा चिमटा दोन्ही हातांनी हिसडला, मागच्या कॅरियरवर आपली बॅग ठेवून वर ढोपराने दाब दिला.

"बाई, ही नका घेऊ," जगन म्हणाला. "हिला उतारावर पाय आवरता येत नाहीत. पडाल."

"तू मिठागराच्या बांधावरून सायकल नेली आहेस कधी?"

"नाही."

"माझ्या बापाने नेली. पंचवीस वर्षं." आणि तिने त्याला, जो रोज दहा सायकली खोलायचा त्याला, फ्रीव्हील समजावून सांगितलं. तिच्या बापाने तिला लहानपणी सांगितलं होतं तसंच. फ्रीव्हीलच्या पोटात दोन बारीक तुकडे असतात, मिस्त्री लोक त्यांना कुत्री म्हणतात. पायडल मारलं की ती कुत्री दात पकडतात आणि चाक ओढतात. खाऱ्या वाऱ्यात, खाऱ्या चिखलात ती गंजून आतच चिकटली की पायडल गरागरा फिरतं आणि चाक जागचं हलत नाही. ब्रेकची रबरं ओली झाली की त्यांचाही भरवसा नाही. फिक्समध्ये पोटात बिघडायला काही नाहीच. पाय जोरात तर चाक जोरात, पाय आवरले की चाक आवरतं.

जगनने मान हलवली. "खरं आहे. तुमच्या वडिलांनी मलाही हीच घ्यायला लावली असती." तो चांगला मिस्त्री होता, आणि चांगल्या मिस्त्र्याला आपली चूक कबूल करताना लाज वाटत नाही. तसे लोक मंडळात असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

मंडळाने मुंबईहून लेडीज सायकल मागवली.

चकचकीत हिरवी, वाकड्या दांडीची, चेनवर पत्र्याचं झाकण, पुढे वेताची टोपली, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून रंगीत जाळी. आणि अर्थातच फ्रीव्हील. एलिशेबाला विचारलं नाही. तिचा अर्ज, त्यात तिने लिहिलेली सगळी कारणं, मंडळाने वाचली होती. वाचून शेठ म्हणाले होते म्हणे, "बाईने दांडीवरून टांग टाकायची हे काही बरं दिसत नाही. आपल्या संस्थेचं नाव आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. पाच पुरुष होते ते, आणि त्यांतल्या एकानेही त्या बांधावर कधी पाय ठेवला नव्हता.

सायकलला हार घातला. नारळ फोडला. हँडलला कुंकू लावलं. फोटोवाला बोलावला आणि सायकलच्या एका बाजूला शेठ व दुसऱ्या बाजूला एलिशेबा असा फोटो काढला. त्या फोटोत तिचा चेहरा असा आला होता, की शेठांनी तो कचेरीत लावायचा बेत रद्द केला.

त्यातच भर म्हणून शेठांचे दिवाणजी तिच्या घरी आले, तेही शनिवारी सकाळी. सायकल ताब्यात मिळाल्याच्या कागदावर तिची सही हवी होती. शब्बाथला ती पेन हातात घेत नसे, हे दिवाणजींना माहीत होतं. तरी म्हणाले, एक सही तर आहे. त्या दिवशी जेरुशाबाईंचा दंडक मोडला. एलिशेबा व्हरांड्यात उभी राहून ओरडली, "पुन्हा शनिवारी या उंबऱ्यावर कुणी आलं ना, कुणीही, तर तंगडं मोडून हातात देईन!"

आळीतून त्या वेळी मिठागराकडच्या बायका टोपल्या घेऊन चालल्या होत्या. संध्याकाळपर्यंत वाडीत घरोघर ते माहीत झालं. लोक हसले. पुढे पोरांना दटावताना आया म्हणू लागल्या, "गप ऱ्हा, नायतर शनवारी नर्सबायकडं नेईन." एलिशेबाच्या कानावर ते आलं तेव्हा तीही हसली. बरं झालं, म्हणाली, एक दिवस तरी शांतता मिळेल.

लेडीज सायकल अडीच महिने चालली. गावात ठीक होती. मिठागरावर तिने ती सहा वेळा नेली, आणि दर वेळी परतल्यावर जगनकडे नेऊन मागचं चाक तेलाने धुवून घेतलं. जगन म्हणाला होता, तेलाने किती दिवस रेटणार? सातव्या वेळी बोलावणं भामाचं होतं.

भामा वाडीतल्या विठूची बायको, अठरा-एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. विठू मिठागरावर कामाला होता. भामा तपासायला गावात येई तेव्हा सूतिकागृहाच्या पायरीवर बसून राही, आत यायला लाजे, आणि एलिशेबाने खेकसून आत बोलावलं की हसत येई. एलिशेबाच्या खेकसण्याला न भिणारी तेवढी एकच होती.

बांधाच्या मध्यावर पायडल मोकळं झालं. ती मारत राहिली, पाय गरागरा फिरत राहिले, सायकल मंद होत होत थांबली आणि कलली. एक पाय तिने चिखलात टाकला. पायडल पुन्हा मारून बघितलं. चेन फिरत होती, चाक नाही. तिने सायकल तिथेच लोळवली, बॅग डोक्यावर घेतली आणि पळत सुटली. मैलभर. साडी पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखली. पोचली तेव्हा बाळ जन्मलं होतं, मुलगा, धडधाकट, आणि दाईने नाळ कापली होती. कशाने, ते एलिशेबाने विचारलं. दाईने कोयता दाखवला. गवत कापायचा.

आठव्या दिवशी बाळाचा जबडा आवळला. धनुर्वात. दहाव्या दिवशी ते गेलं.

अकराव्या दिवशी मंडळाची बैठक होती. एलिशेबाने ती लेडीज सायकल जगनच्या दुकानातून खांद्यावर घेतली, ढकलत नव्हे, खांद्यावर, भर बाजारातून कचेरीत आणली आणि बैठकीच्या गादीवर, पांढऱ्या चादरीवर, पाच पुरुषांच्या मध्ये आपटली. बांधावरचा चिखल चाकांवर तसाच वाळलेला होता.

"घ्या तुमचं नाव," ती म्हणाली. "संस्थेचं. धुऊन घ्या."

एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी लष्करी सायकल तिच्या दाराशी आली. मंडळाने घेतली की जगनने आपणहून दिली याबद्दल दोन मतं आहेत, आणि त्याबद्दल तिने कधी तोंड उघडलं नाही.

फिक्सने तिला पहिल्या महिन्यात चार वेळा पाडलं. एकदा पदर, तीनदा निऱ्यांचा काठ चेनमध्ये गेला. फिक्समध्ये अडकलेला कपडा चेन सोडत नाही, आणखी आत ओढते. मग सायकल आडवी करून चाक उलटं फिरवून काढायचा. एकदा हे शेठांच्या दुकानासमोर झालं आणि गुमास्ते हसले. दुसऱ्या दिवशी एलिशेबा नऊवारी नेसून, कासोटा मारून, दांडीवरून टांग टाकून त्याच दुकानासमोरून गेली, हळूच, प्रत्येकाकडे बघत. कुणी हसलं नाही. यहुद्यांची बाई कासोटा घालून सायकल चालवते हे बघायला मात्र महिनाभर लोक दारात येत. येवोत. मागच्या आसाला जगनने लोखंडी खुंटी बसवून दिली होती, तिच्यावर डावा पाय ठेवून ती चढे आणि चालत्या पायडलावरून उडी मारून उतरे. वाडीचा तासाभराचा रस्ता ती वीस मिनिटांत कापू लागली. सायकल जड होती, गुडघे दुखत, पण एकदाही अर्ध्या वाटेत तिने दगा दिला नाही. दोन वर्षांत वाडीत दाईला कोयता घ्यावा लागला नाही.

१९५४ साली भामाला पुन्हा दिवस गेले.

ती सातव्या महिन्यात तपासायला आली तेव्हा एलिशेबाने पोट चाचपून बघितलं. डोकं वर होतं. "फिरेल अजून," ती म्हणाली. "नाही फिरलं तर पायाळू येईल. तसं आलं तर मी हवीच. ऐकतेस ना? कळ आली की लगेच विठूला पाठव. पहिली कळ आली की."

"तुमी याल ना, बाय?"

"सायकल दारात उभी असते. वीस मिनिटं. या वेळी मी वेळेवर येणार, म्हणजे येणार."

भामाने तिचा हात धरून क्षणभर कपाळाला लावला. एलिशेबाने हात ओढून घेतला आणि हे असलं काही करत जाऊ नकोस म्हणून तिच्यावर खेकसली.

त्या शनिवारी संध्याकाळी एलिशेबा आईबरोबर व्हरांड्यात बसली होती. दिवस शांत गेला होता. सकाळी मशिदीत जाऊन आली (आळीतल्या आपल्या प्रार्थनामंदिराला ते लोक मशीदच म्हणत), दुपारी झोपली, दोनदा व्हरांड्यात येऊन बसली. जेरुशाबाईंचे डोळे अधू झाले होते तरी तारे त्याच मोजत. "एक," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "दोन." आणि मग, "तो बघ तिसरा. झाला शब्बाथ."

समोरच्या पिंपळाच्या पारावरून एक माणूस उठला आणि रस्ता ओलांडून आला. पायरीच्या अलीकडेच थांबला. विठू होता.

"बाय, झाला ना तुमचा शनवार?" त्याने हात जोडून विचारलं.

एलिशेबा उठून उभी राहिली. "काय झालं?"

"भामीला कला लागल्यात."

"केव्हापासून?"

"सकालपासनं. बारीक बारीक. भरती लागली तवा."

"आणि तू आत्ता येतोस?"

"नाय, आलो दुपारलाच." त्याने पाराकडे बोट केलं. "थितं बसलो व्हतो. तुमचा देवाचा दिवस. तीन तारे दिसल्याबिगर तुमी कामाला हात लावत नाय, आमाला म्हाईत हाय. मी पन मोजत व्हतो."

त्याच्या चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, थोडा अभिमान होता. आपण रीत पाळली याचा.

ती इतकी ओरडली की आळीतली दारं उघडली. "गाढवा! जीव अडल्यावर शनिवार बघतात का? आम्ही नाही बघत! पोरगं पायाळू आहे म्हणून सांगितलं होतं ना? पहिली कळ म्हणाले होते ना मी?" विठू मागे सरकत गेला. शेवटी तो म्हणाला, "तुमीच म्हनला व्हता, बाय. शनवारी कोन उंबऱ्याव आला तर..."

पुढचं ऐकायची तिला गरज नव्हती.

जीव वाचवायला शब्बाथ मोडला तर पाप नाही, उलट न मोडला तर पाप आहे, हे इस्रायल आळीत दात न आलेल्या पोरालाही ठाऊक होतं. अब्राहम आपटेकर दोनदा शनिवारी खांबावर चढले होते, आजाऱ्यासाठी डॉक्टरला तार जावी म्हणून. इतकं उघड होतं ते, की आळीबाहेर कुणाला सांगावं असं आजवर कुणाच्या मनातच आलं नव्हतं. बाहेरच्यांना दिसायचं ते एवढंच, की हे लोक शनिवारी काम करत नाहीत. आणि जे दिसायचं त्याचा ते मान राखत.

तिने सायकल काढली. विठूसाठी थांबली नाही. अंधार नुकता पडत होता, बांध फिका दिसत होता, आणि ती पाय मारत होती. इतक्या जोरात तिने कधी मारले नव्हते. विठूवर चिडत निघाली होती. वेशीपर्यंत विठू पुरला. मग दिवाणजी आठवला, त्याच्यावर चिडली. तो बांधाच्या सुरुवातीपर्यंत पुरला. पुढे सगळ्या बांधावर चिडायला ती स्वतः सोडून कुणी राहिलं नाही.

वाडीत पोचायला अठरा मिनिटं लागली. बाळ साडेचारलाच आलं होतं. पाय आले, धड आलं, डोकं अडकलं. दाईने ओढलं. मुलगी होती. तिला टोपलीत ठेवून वर फडकं टाकलं होतं.

भामा जिवंत होती. एलिशेबाने दिवा जवळ घ्यायला लावला, हात धुतले आणि जे उरलं होतं ते काम केलं. टाके घातले, रक्त थांबवलं. सासूने एलिशेबाला पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. "तुजा काय दोस नाय, बाय. देवाचा दिवस व्हता."

भामाने डोळे उघडले. "मीच म्हनलं यांना," ती हळू आवाजात म्हणाली, "बायचा यकच दिस असतो निवांत. घाई करू नका, मला सोसवतंय."

एलिशेबाला रडू आलं नाही. राग आला, भयंकर, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. तिच्यावर कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या घरात कुणी ओरडलं नाही. निघताना सासूने तिच्या बॅगेत चार अंडी बांधून दिली.

पुढच्या शनिवारी सकाळी ती नऊवारी नेसली.

"कुणी बोलावलंय?" जेरुशाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग कुठं चाललीस शब्बाथचं?"

"कुणी बोलवत नाही ना, म्हणूनच चाललेय."

जेरुशाबाई म्हणाल्या, "मला हे पसंत नाही." आणि दारातून बाजूला झाल्या.

मशिदीच्या फाटकाशी मुकादम हायमकाका उभे होते. समाजाचे ते प्रमुख, आळीत शब्द त्यांचाच. त्यांनी काठी वर केली. "एलिशेबा! आज शब्बाथ आहे!"

"माहीत आहे, काका. सगळ्या गावाला माहीत आहे, तेच तर दुखणं आहे."

"जीव वाचवायला जात असशील तर मी तुला अडवणार नाही. पण आज कुणाचा जीव अडलाय?"

प्रश्न रास्त होता, आणि रास्त प्रश्नाचा तिला जास्तच संताप यायचा. "अडल्यावर ते येत नाहीत, काका," ती ओरडली. "पारावर बसून आपले तारे मोजतात! मी शनिवारी सायकलवर दिसल्याशिवाय त्यांना पटायचं नाही." हायमकाका काही म्हणाले, पण फिक्सची चाकं फिरत होती आणि पाय थांबत नव्हते.

ती बाजारपेठेतून गेली. टक्क्यातून गेली. जिथे चार माणसं दिसतील तिथे ओरडत गेली, "बाई अडली तर शनिवारीसुद्धा बोलवायचं! ऐकलंत का? कधीही!" लोक दारात आले. कुणी हसलं, कुणी नर्सबाईंचं डोकं फिरलं म्हणालं. भगवानशेठांनी दुकानातून वाकून बघितलं आणि परत आत सरकले. घसा बसला तरी ती ओरडत राहिली. बांधावर तिला कुणी भेटलं नाही, तिथे ती नुसती पाय मारत राहिली.

वाडीत शिरली तेव्हा बायका मीठ भरायच्या टोपल्या विणत बसल्या होत्या. त्यांना तिने तेच सांगितलं. त्यांनी माना हलवल्या. मग ती विठूच्या घराकडे वळली. भामा उंबऱ्यात बसली होती. दूध आलं होतं, म्हणून छातीला फडकं घट्ट बांधलेलं. तिने आधी सायकलकडे बघितलं, मग एलिशेबाकडे.

"बाय, आज तं शनवार हाय."

"हो. आज शनिवार आहे." एलिशेबा उडी मारून उतरली. "शनिवारीही मी येते. हेच सांगायला आले."

भामा एकदम उठली. तिला उठवत नव्हतं, दाराची चौकट धरून ती उभी राहिली, आणि तिचा चेहरा असा झाला की तो एलिशेबाने कधी पाहिला नव्हता.

"शनवारी येता येतं?" ती म्हणाली. "येता येत व्हतं तुला? मंग त्या शनवारी का नाय आलीस? माजी पोर थितं अडकून व्हती आनि तू घरात बसलेलीस! सायकल दारात व्हती ना तुजी? वीस मिंटं म्हनली व्हतीस ना? मंग का नाय आलीस? सांग!"

सासू आतून धावत आली, "अगं, बायला अशी बोलू नको" म्हणून तिला आवरू लागली. भामाने तिचा हात झिडकारला आणि ती आणखी मोठ्याने ओरडू लागली. टोपल्या विणणाऱ्या बायका उठून बघायला आल्या.

"बोलू द्या तिला," एलिशेबा म्हणाली. तिने सायकल कुडाला टेकवली आणि भामाचं बोलून होईपर्यंत ती तिथेच, अंगणात, उन्हात उभी राहिली.